शेजारच्या पायांकडे लक्ष द्या: ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकताना

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत क्लच दोन असतात आणि ब्रेकही दोन. एक जोडी तुमच्या पायाशी, दुसरी शेजारी बसलेल्या सरांच्या. ॲक्सिलरेटर तेवढा एकटा, तुमच्या बाजूला. दोन्हीकडची पेडलं आतून जोडलेली असतात, त्यामुळे सरांनी त्यांचा क्लच दाबला की तुमच्या पायाखालचा क्लचही खाली जातो. ही सोय तुमच्या आणि रस्त्यावरच्या माणसांच्या जिवासाठी आहे, आणि शाळेच्या चारचाकीला ती कायद्याने सक्तीची आहे. पण नवशिक्याची सगळ्यात मोठी फसगतही इथेच होते. पंधरा दिवस गाडी छान चालते, एकदाही बंद पडत नाही, आणि ती नेमकी कोण चालवतंय हे आपल्याला कळतच नाही.

माझं तसंच झालं. बेचाळिसाव्या वर्षी मी पुण्यात क्लास लावला. पंधरा दिवस, रोज अर्धा तास, सकाळी साडेसहाला कोथरूडच्या आतल्या रस्त्यांवर. सिग्नलला गाडी अलगद थांबायची, अलगद निघायची. क्लास संपल्यावर घरची गाडी सोसायटीच्या तळघरातून बाहेर काढायला बसले. वर येणाऱ्या चढावर ती सहा वेळा बंद पडली आणि सातव्या वेळी मागे घसरली. हँडब्रेक ओढला म्हणून मागचा खांब वाचला. पंधरा दिवस क्लच सरांच्या पायाखाली होता आणि माझ्या हातात फक्त स्टीअरिंग होतं, हे मला त्या चढावर समजलं.

मग दुसरीकडे पुन्हा पैसे भरून शिकले. तिथे एसटीतून निवृत्त झालेले एक काका होते. पहिल्याच दिवशी गाडी सुरू करायच्या आधी ते म्हणाले, "ताई, क्लचला माझा पाय नाही. ब्रेकला आहे, पण तो लावला की मी तोंडाने सांगणार. न सांगता लावला असं वाटलं तर मला विचारायचं." पुढे जे काही सांगणार आहे, ते या एका करारावर उभं आहे. क्लास कुठलाही असो, सर कुठलेही असोत, हा करार पहिल्या दिवशी करून घ्या.

आधी शिकाऊ लायसन्स, मग स्टीअरिंग

शिकाऊ लायसन्स हातात नसताना रस्त्यावर गाडीला हात लावू नका, शाळेच्या गाडीलासुद्धा नाही. चारचाकीसाठी वय १८ पूर्ण हवं. "मुलगा सतराचा झालाय, सोसायटीतल्या सोसायटीत शिकवतो" असं म्हणणाऱ्या आईबाबांना मी हात जोडून सांगते, नको. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते.

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर भरायचा. आधार मोबाइलला जोडलेलं असेल तर महाराष्ट्रात २०२१पासून शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्याही देता येते. वय ४०च्या पुढे असेल तर डॉक्टरांच्या सहीचा वैद्यकीय दाखला, म्हणजे नमुना १-अ, लागतो. मलाही लागला होता. परीक्षा वाहतुकीच्या नियमांची आणि चिन्हांची असते. तिचा अभ्यास स्वतः करा, "तुम्ही फक्त ओटीपी सांगा, बाकी आम्ही बघतो" या वाटेला जाऊ नका. गोल चिन्ह म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधगिरी, चौकोनी पाटी म्हणजे माहिती, एवढं जरी स्वतः बसून पाठ केलंत तरी पहिल्याच दिवशी रस्ता तुमच्याशी बोलू लागतो. ज्याच्यासाठी दुसऱ्याने बटणं दाबली, त्याला पाट्या नुसत्या दिसतात, वाचता येत नाहीत.

शिकाऊ लायसन्सची मुदत ६ महिने. पक्क्या लायसन्सच्या चाचणीला ते मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच बसता येतं. मोठ्या शहरांत चाचणीची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून क्लास सुरू झाल्यावर लगेच हिशोब मांडा: पहिला महिना शिकण्याचा, दुसरा सरावाचा, तिसऱ्यात चाचणी. म्हणजे एकदा नापास झालात तरी हाताशी वेळ उरतो.

स्कूल निवडताना

फी गावागणिक, गल्लीगणिक बदलते, तिच्यावरून काही ठरवू नका. आत जाऊन तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट भिंतीवर असते. परिवहन कार्यालयाने दिलेला शाळेचा परवाना, नमुना ११, दर्शनी भागात लावलेला असला पाहिजे. तो आहे का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट तासांची. केंद्रीय मोटार वाहन नियमांत खासगी चारचाकीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं सांगितलं आहे. आता बाजारात मिळणारं पॅकेज बघा. पंधरा दिवस, रोज अर्धा तास म्हणजे साडेसात तास. त्यातून तुम्हाला घ्यायला येणं, मधेच पेट्रोल भरणं आणि पुढच्या विद्यार्थिनीच्या दारात जाऊन थांबणं वजा करा. काही ठिकाणी वेळेऐवजी "रोज पाच किलोमीटर" असं मोजतात. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर पाच किलोमीटर बारा मिनिटांत संपतात. म्हणून पैसे भरतानाच विचारा की स्टीअरिंगवर माझे एकूण तास किती. प्रत्येक विद्यार्थ्याच्या तासांची नोंद ठेवायचा नमुना शाळांना ठरवून दिलेला आहे, नमुना १५. त्यावर रोजच्या रोज तास लिहून घ्या. महिनाभराच्या सह्या एकदम मागितल्या तर करू नका.

तिसरी गोष्ट शिकवणारा माणूस. शाळेच्या नावापेक्षा मी याला जास्त वजन देईन. एक दिवसाचा तास आधी मागा, त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या. त्या अर्ध्या तासात चूक झाली की हा माणूस काय करतो ते बघा. "अहो काय करताय!" असं ओरडून स्वतःच ब्रेक मारणारा शिकवणारा तुम्हाला घाबरायला शिकवेल. चूक झाल्यावर गाडी बाजूला घ्यायला लावून "आत्ता काय झालं सांगा बरं" असं विचारणारा मिळाला तर त्याला सोडू नका. स्त्रियांसाठी आणखी एक. स्टीअरिंग सावरताना शिकवणाऱ्याचा हात मधे येतो, ते कधीकधी गरजेचंही असतं. पण तो स्टीअरिंगवर यावा, तुमच्या हातावर नाही. पहिल्यांदा खटकलं त्याच क्षणी बोला, आणि दुसऱ्यांदा झालं तर ऑफिसात जाऊन शिकवणारा बदलून मागा. बऱ्याच ठिकाणी आता शिकवणाऱ्या बायका आहेत, तसं आधीच विचारता येतं.

घरी ऑटोमॅटिक गाडी असेल तर काय करावं, हे बरेचजण विचारतात. चारचाकीच्या लायसन्समध्ये गिअरची आणि बिनगिअरची असा भेद नाही, एकच लायसन्स दोन्हींना चालतं. माझं मत असं की शिका गिअरच्या गाडीवर, कारण गाडी वेग आणि वजन कसं पेलते ते क्लचमुळेच अंगात मुरतं. शेवटचे चार-पाच तास मात्र ऑटोमॅटिकवर घ्या. तिथे डावा पाय पूर्ण बाजूला ठेवायचा. डाव्या पायाला क्लच दाबायची सवय असते, तोच पाय तितक्याच जोरात ब्रेकवर पडला तर गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा येऊन आदळतो.

पहिले चार दिवस: बैठक आणि क्लच

पायात पातळ, सपाट तळव्याचं काहीतरी घाला. जाड सोलच्या बुटातून पेडल जाणवत नाही, आणि मोकळी चप्पल पेडलखाली अडकते. ओढणी किंवा पदर खोचून घ्या, तो हँडब्रेकच्या दांड्यात गुंततो.

सीट दुसऱ्याच्या मापाची असते, कारण तुमच्या आधी कुणीतरी उतरलेलं असतं. ती रोज नव्याने लावा. क्लच तळापर्यंत दाबल्यावर डावा गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर पोचायला हवं. मग आरसे, मग सीटबेल्ट. उंची कमी असेल तर उशी घेऊन जा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसला पाहिजे.

आता क्लच. याच्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण बंद पडणाऱ्या गाडीचं, घसरणाऱ्या गाडीचं, धक्के खाणाऱ्या गाडीचं मूळ इथे आहे. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण आठशे फेरे घेत असतं आणि चाकं थांबलेली असतात. या फिरणाऱ्या आणि थांबलेल्या दोघांच्या मधे क्लचची तबकडी. पेडल दाबलं की दोघं वेगळे होतात, सोडलं की एकमेकांना चिकटतात. एकदम सोडलं तर थांबलेल्या गाडीचं सगळं वजन इंजिनावर एका क्षणात पडतं आणि ते गुदमरून बंद पडतं. हळू सोडलं तर मधे एक जागा येते, जिथे तबकडी घासत घासत चाकांना फिरवायला लागते. याला हाफ क्लच म्हणतात. काका म्हणायचे, "गाडी धरते ती जागा."

ती जागा शोधायचा सराव असा. सपाट, रिकामा रस्ता. काकांचे दोन्ही पाय त्यांच्या पेडलांवरून मागे, ब्रेकच्या जवळ पण टेकलेले नाहीत. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा. उजवा पाय ब्रेकवरून उचलून नुसता वर धरा, ॲक्सिलरेटर द्यायचाच नाही. टाच जमिनीला टेकवून क्लच केसाकेसाने सोडत या. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, स्टीअरिंगमध्ये हलकी थरथर येते, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथेच पाय थिजवा. गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकेल. मनात तीन मोजा, क्लच पुन्हा दाबा, ब्रेक लावा. हे वीस वेळा करायचं. मी पहिल्या दिवशी पूर्ण अर्धा तास फक्त हेच केलं आणि गाडी शंभर मीटरसुद्धा गेली नाही. मला त्या दिवसाइतकं दुसऱ्या कुठल्याच दिवशी शिकायला मिळालं नाही.

या सरावात पेडल तुमच्या पायाखाली आपोआप खाली गेलं, तर सरांनी क्लच दाबला असं समजा. पाय हलका टेकलेला असला की ते स्पष्ट जाणवतं. त्याच क्षणी विचारा, "सर, आत्ता तुम्ही दाबला का?" राग येत नाही कुणाला. उलट शिकणारा जागा आहे हे कळलं की शिकवणाराही पाय आवरतो. गाडी बंद पडली तर पडू द्या. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. क्लच दाबा, न्यूट्रल करा, चावी फिरवा, पुन्हा निघा. बंद पडलेली गाडी न घाबरता पुन्हा सुरू करणं हाही शिकण्याचाच भाग आहे, आणि सर तुमची गाडी कधी बंदच पडू देत नसतील तर तो भाग तुम्हाला कधी येणारच नाही.

वासावरही लक्ष ठेवा. जळक्या ब्रेक-लायनिंगसारखा उग्र वास आला तर हाफ क्लच फार वेळ धरला आहे. सिग्नलला उभं असताना पाय क्लचवर आणि गिअर पहिल्यात, ही सवय लागू देऊ नका. न्यूट्रल करा, पाय काढा, हँडब्रेक लावा.

थांबताना क्रम उलटा असतो. पळत्या गाडीत आधी ब्रेक, आणि गाडी थांबायला आली की मग क्लच. नवशिक्याचा पाय भीतीने आधी क्लचवर जातो. क्लच दाबला की चाकं इंजिनापासून सुटतात, आणि गाडी हळू व्हायच्या ऐवजी मोकळी धावते. उतारावर हे फार धोक्याचं.

पाचव्या दिवसापासून: नजर लांब

स्टीअरिंग हातांनी फिरतं, पण गाडी नजरेच्या मागे जाते. बॉनेटकडे बघाल तर गाडी वळवळत चालेल. पन्नास-साठ मीटर पुढे, रस्ता जिथे जातोय तिथे बघा, हात आपोआप सरळ राहतात. खड्ड्याकडे टक लावून बघितलं तर चाक खड्ड्यातच जातं.

आपण उजवीकडे बसतो म्हणून भीती वाटते ती डाव्या बाजूची. रिक्षा घासेल का, पार्क केलेल्या स्कूटरला लागेल का, अंदाजच येत नाही. यासाठी काकांनी दाखवलेला एक उपाय सांगते. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी बघून डावी चाकं बरोबर तिच्यावर येतील अशी गाडी उभी करा. खाली उतरून खात्री करा. परत सीटवर बसा आणि बघा की ती पट्टी तुमच्या नजरेला बॉनेटच्या कोणत्या जागेत शिरताना दिसते. बहुतेक गाड्यांत ती मध्याच्या आसपास कुठेतरी दिसते, कडेला नाही. ती जागा लक्षात ठेवली की डावं चाक कुठे आहे हे बसल्या जागी कळतं. घरच्या गाडीत हे पुन्हा करावं लागतं, कारण बॉनेट वेगळं आणि तुमची बैठकही वेगळी.

शाळेची गाडी रोज त्याच फेरीला जाते. त्या रस्त्यावर तुम्ही आठव्या दिवशी पटाईत व्हाल आणि नवव्या दिवशी दुसऱ्या चौकात गोंधळाल. म्हणून दुसऱ्या आठवड्यात स्वतः मागणी करा. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडे वळणं, हे आपल्या रस्त्यांवरचं सगळ्यात अवघड काम, ते रोज दोनदा मागा. बाजाराचा रस्ता मागा, संध्याकाळी सातची वेळ मागा, पाऊस असेल तर तास रद्द करू नका. गोल चौकात जे वाहन आत आधीच फिरतंय त्याला आधी जाऊ द्यायचं, म्हणजे तुमच्या उजवीकडून येणाऱ्याला. पुण्यात सगळे हे पाळतात असं मी म्हणणार नाही, पण तुम्ही पाळा.

दुचाक्या डावीकडून येतात, हे पुण्यात गृहीतच धरावं लागतं. डावीकडे वळण्याआधी इंडिकेटर, मग डावा आरसा, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर. आरशात न दिसणारी एक पट्टी गाडीच्या दोन्ही बाजूंना असते, आणि अख्खी स्कूटर तिच्यात मावते. रिक्षाच्या मागे असाल तर ती कुठेही, कधीही थांबेल असं समजून चाला. बस थांब्याला लागली असेल तर तिच्या पुढून कुणीतरी रस्ता ओलांडायला येणारच.

अंतर किती ठेवायचं? ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. ब्रेक लावायचं डोक्यात येऊन पाय पोचेपर्यंतच एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तीन गाड्यांएवढं अंतर संपलेलं असतं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. ते संपायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात पाचपर्यंत मोजा. मोकळ्या जागेत कुणीतरी घुसेल, घुसू द्या, आणि पुन्हा मागे सरा.

चढ

चढावर गाडी उभी करून पुन्हा काढणं हे किमान दोन पूर्ण तास शिका. पॅकेजमध्ये बहुतेकदा ते एक दिवस उरकतात. आम्ही तळजईच्या चढावर जायचो, सकाळी फिरायला आलेली माणसं निघून गेल्यावर.

पद्धत अशी. चढावर गाडी थांबवा, हँडब्रेक पूर्ण ओढा, पायातला ब्रेक सोडा. गाडी हँडब्रेकवर उभी आहे. पहिला गिअर. क्लच सोडत त्या ओळखीच्या जागेपर्यंत या आणि सोबत थोडा ॲक्सिलरेटर द्या, सपाट रस्त्यापेक्षा जास्त. बॉनेट वर उचलल्यासारखं होईल आणि गाडीचा मागचा भाग किंचित दबेल. म्हणजे गाडी पुढे जायला ओढ घेतेय आणि हँडब्रेकने तिला धरलंय. तेव्हाच हँडब्रेक हळू खाली करा. गाडी एक बोटसुद्धा मागे न येता निघते. बॉनेट उचललं नसताना हँडब्रेक सोडला तर ती मागे येणार, तेव्हा पुन्हा ओढायचा आणि पहिल्यापासून. घाईने क्लच सोडायचा नाही.

इथे करार कडक पाळा. चढावर सरांचा पाय सहज पुढे जातो, त्यांनाही मागच्या गाडीची काळजी असते. म्हणून सुरुवातीला मागे कुणी नसलेला रस्ता निवडा आणि त्यांना सांगा, "मागे आली तर फक्त ब्रेक लावा, क्लच नको." सलग दहा वेळा त्यांच्या मदतीशिवाय जमलं की मगच सिग्नल असलेल्या चढावर जा.

रिव्हर्स आणि चाचणी

रिव्हर्समध्ये वेग फक्त क्लचने सांभाळायचा, ॲक्सिलरेटर जवळजवळ नको. मान मागे वळवून काचेतून बघा, मग दोन्ही आरसे. कॅमेरा असेल तरी आधी मान. स्टीअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला गाडीची शेपटी जाते आणि नाक उलट बाजूला बाहेर येतं. मागे बघताना नाक विसरलं की पुढचा कोपरा घासतो.

चारचाकीच्या चाचणीत बऱ्याच ठिकाणी इंग्रजी एच अक्षराच्या आकाराच्या अरुंद वाटेतून गाडी मागे-पुढे न्यावी लागते. पुण्याच्या लोकांना त्यासाठी नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या वाहनचालन प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर जावं लागतं. गाडी आपणच न्यायची असते. शाळेची नेली तर त्याचे पैसे पॅकेजमध्ये आहेत की वेगळे, हे आधीच विचारून ठेवा. चाचणीआधी एकदा तो ट्रॅक बाहेरून बघून या. मैदानात विटा ठेवून तसाच आकार आखा आणि सरांना गाडीच्या बाहेर उभं राहायला सांगा. आतून "आता डावीकडे कापा, आता सरळ" असं सांगत राहिले तर तुम्ही त्यांचा आवाज पाठ कराल, वाट नाही.

चाचणीच्या दिवशी सीट, आरसे, सीटबेल्ट, याच क्रमाने, कितीही घाई असली तरी. निघताना इंडिकेटर. हळू चालवल्याबद्दल कुणी नापास करत नाही. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा नापास झाल्यावर मात्र ६० दिवस थांबावं लागतं, म्हणून तयारी नसताना नुसती तारीख आली म्हणून जाऊ नका. आणि एखाद्याने "गाडी न चालवता काढून देतो" म्हटलं, तर त्या लायसन्सवर तुम्ही कुणाला घेऊन गाडी चालवणार आहात, तो चेहरा डोळ्यांपुढे आणा.

घरची गाडी

पक्कं लायसन्स मिळेपर्यंत घरच्या गाडीवर सराव करताना पुढे आणि मागे पांढऱ्या चौकोनावर लाल एल हवा. चौकोन किमान १८ सेंटीमीटरचा, अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच. कागदावर पेनाने काढलेला एल लांबून दिसत नाही. शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस हवं, आणि गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेलं, मागच्या सीटवर नाही. हे माणूस नवरा, भाऊ, वडील कुणीही असलं तरी पहिले चार दिवस नसावं असं मला वाटतं. आपली माणसं आपल्यासाठी घाबरतात आणि ती भीती गाडीभर पसरते.

त्याऐवजी शाळेच्याच शिकवणाऱ्याला चार-पाच तास तुमच्या गाडीत बसायला बोलवा. बऱ्याच शाळा हे वेगळ्या फीवर देतात. माझ्या मते सबंध क्लासमधले हे सर्वांत मोलाचे तास. शाळेच्या गाडीत त्यांच्या पायाशी ब्रेक होता. इथे नाही. त्यांच्या हाताशी फक्त मधला हँडब्रेक. गाडीत आता एकच क्लच आहे, तो तुमच्या पायाखाली.

काका आमच्या गाडीत बसले तेव्हा सवयीने त्यांचा उजवा पाय रिकाम्या जमिनीवर दोनदा दाबला गेला. दोन्ही वेळा मी विचारलं, "काका, आत्ता कशासाठी?" एकदा समोरून रस्ता ओलांडणारी आजी मला उशिरा दिसली होती, एकदा वळणावर वेग जास्त होता. तिसऱ्या दिवसानंतर पाय हलला नाही.

या चार-पाच तासांत काय करायचं ते आधी लिहून ठेवा. पहिल्या दिवशी तळघराचा चढ, पाच वेळा खाली, पाच वेळा वर. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा किंवा मुलांच्या शाळेचा तुमचा खराखुरा रस्ता, खऱ्या वेळेला, आणि शेवटी तिथेच पार्किंग. तिसऱ्या दिवशी रात्री, समोरून येणाऱ्याचे दिवे डोळ्यांवर येत असताना, आणि स्वतःचा डिपर वेळेवर खाली करत. चौथ्या दिवशी शक्य असेल तर एखादा घाट, पुण्याहून कात्रजचा जुना घाट बरा. अरुंद चढावर समोरासमोर आलात तर उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. ज्या गिअरने चढ चढला असता त्याच गिअरने उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रल टाकून कधीच उतरायचं नाही.

आणि पाचव्या दिवशी शिकवणाऱ्याला सांगा की आज तुम्ही एक शब्द बोलायचा नाही, मी घरापासून घरापर्यंत जाऊन येते. परत आल्यावर गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा, आणि मग त्यांना बोलू द्या. वही-पेन जवळ ठेवा. माझ्या वहीत त्या दिवशी सात चुका लिहिल्या आहेत, त्यातल्या चार आरशाच्या होत्या.